न्यूकॅसलचा कोळसा आणि शहापूरचं पाणी

आजचा विषय वरवर पाहता शाळकरी आहे. इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचा वाक्यात उपयोग. मुरबाड-शहापूरकडे ज्यांनी ज्यांनी परीक्षा दिल्या, त्यांना ही यादी पाठ असेल. आधी वाक्प्रचार, मग अर्थ, मग एक तयार वाक्य. घोकायचं आणि पेपरात उतरवायचं. पण या यादीमागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो बघितल्याशिवाय आपली मुलं नेमकी कुठे अडतात ते कळणार नाही, असं आम्हांला वाटतं.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. दोन भाषा अशा शेजारी शेजारी बसवायच्या म्हटलं की वाक्प्रचाराशी गाठ पडतेच. शब्दाला शब्द मिळतो हो, पण वाक्प्रचाराला काय द्यायचं? आदल्याच वर्षी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला होता. १८४७ साली मोल्सवर्थने सुरू केलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश आला. पुढे वर्तमानपत्रं, कायदे, क्रमिक पुस्तकं या सगळ्यांची भाषांतरं होत राहिली, आणि त्या वाटेने इंग्रजी वाक्प्रचार गुपचूप मराठीत शिरले.

एखाद्या प्रश्नावर आपण ‘प्रकाश टाकतो’. पुढारी ‘मगरीचे अश्रू’ ढाळतो, सरकारी काम ‘लाल फितीत’ अडकतं, बंद पडलेला प्रकल्प ‘पांढरा हत्ती’ ठरतो. नवं जोडपं ‘मधुचंद्राला’ जातं. आणि ज्याने जन्मात हिमनग पाहिला नाही, तोही ‘हे तर हिमनगाचं टोक’ म्हणतो. ही सगळी इंग्रजीची उसनवारी आहे, पण आज ती उसनी वाटते का? नाही वाटत. कारण ती कोणी पाठ करून घेतली नव्हती. कोणाला तरी काहीतरी सांगायचं होतं, त्या गरजेपोटी ती आली, आणि घरचीच झाली.

देवघेव उलट्या बाजूनेही झाली. मॅनवेअरिंग नावाच्या मिशनऱ्याने मराठी म्हणी गोळा करून त्यांची इंग्रजी भाषांतरं १८९९ साली छापली. आपल्या माणसांशी बोलायचं तर आपल्या म्हणी कळल्या पाहिजेत, ही त्याचीही गरजच होती.

दुसरी वाट परीक्षेची. इथे गरज एकच, गुणांची. मग काय होतं बघा. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ हा नेहमीचा वाक्प्रचार. त्यापुढे गाइडात बऱ्याचदा लिहिलेलं असतं, ‘वाहत्या गंगेत हात धुवून घेणे’. अहो, मूळ इंग्रजीत ती शेतकऱ्याला दिलेली शहाणपणाची सूचना आहे. तिकडे ऊन बेभरवशाचं, कापलेलं गवत वाळायच्या आत पाऊस आला तर गुरांची वर्षाची बेगमी कुजते, म्हणून वेळेवर काम उरक. आणि आपण ‘त्यानेही वाहत्या गंगेत हात धुतले’ म्हणतो तेव्हा ती शाबासकी असते का? तो तर आरोप असतो!

आपल्याकडे गवत कापतात ते पाऊस सरल्यावर. तेव्हा ऊन कुठे पळून जात नाही. आपली घाई असते ती भाताच्या आवणीची. तिथे गाठायचा असतो तो पाऊस. हे वर्गात पाच मिनिटं बोललं, तर शेतकऱ्याच्या मुलाला तो वाक्प्रचार पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

विटगेन्श्टाइन हा तत्त्ववेत्ता वारला आणि १९५३ साली त्याचा एक मोठा ग्रंथ निघाला. त्यातला गाजलेला विचार असा, की पुष्कळदा शब्दाचा अर्थ म्हणजे भाषेतला त्याचा वापर. गंमत अशी की आपली प्रश्नपत्रिकाही हेच सांगते, ‘वाक्यात उपयोग करा’. फरक इतकाच, की त्याच्या लेखी वापर म्हणजे माणसांचं चालतंबोलतं जगणं, आणि आपल्या लेखी वापर म्हणजे व्याकरणशुद्ध एक ओळ.

आता एकच उदाहरण घेतो. ‘टु कॅरी कोल्स टु न्यूकॅसल’. न्यूकॅसल हे टाइन नदीकाठचं शहर. शतकानुशतकं तिथला कोळसा जहाजांतून लंडनला जात होता. तिथेच कोळसा घेऊन जाणं म्हणजे निव्वळ फुकटचा खटाटोप.

आपल्या शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, १८९२ सालचं. मोडकसागर आहे, भातसा आहे. मुंबई यांच्यावर पाणी पिते. आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकर जातो. समजा, इथल्या एखाद्या मुलीने पेपरात लिहिलं, ‘शहापूरला टँकरने पाणी नेणं म्हणजे न्यूकॅसलला कोळसा नेणं’. व्याकरण बिनचूक. तपासणारा पूर्ण गुण देईल. पण ते खरं आहे का? न्यूकॅसलला कोळशाची गरज नव्हती. इथे हंडा घेऊन बाया रांगेत उभ्या आहेत.

या स्थितीसाठी आपल्या लोकांनी बोल घडवला आहे, ‘धरण उशाला, कोरड घशाला’. यादीत त्याला इंग्रजी जोड नाही. तो इंग्रजीत सांगायचा तर मुलीला धरण सांगावं लागेल, नळ कुठे गेले ते सांगावं लागेल, टँकर सांगावा लागेल. चार वाक्यं स्वतःची लिहावी लागतील.

इंग्रजी शिकायला आमचा विरोध नाही. २००० सालापासून ती पहिलीपासूनच आहे, आणि इथल्या मुलांना तिची गरज आहे. शिक्षकांना आमची विनंती एवढीच. वाक्प्रचार दिलात की आधी विचारा, हे कोण कोणाला म्हणतं, केव्हा म्हणतं, कौतुकाने की टोमण्याने? आणि मग ‘धरण उशाला’ फळ्यावर लिहा, आणि म्हणा, आता हे इंग्रजीत सांगा बघू.

इथे थांबतो.