गर्भवतींमधील एचआयव्ही-जोखमीची सांख्यिकीय प्रारूपे (दक्षिण आफ्रिका)

वय, शिक्षण, जोडीदाराचे वय, गर्भारपणांची संख्या, प्रांत अशा लोकसंख्याविषयक माहितीवरून गर्भवतीला एचआयव्हीचा संसर्ग असण्याची संभाव्यता काढणारी गणिती मॉडेल. अशा अभ्यासाला लागणारी मोठी आणि सलग माहिती दक्षिण आफ्रिकेत साठली आहे.

तेथील सरकारी दवाखान्यांत १९९० पासून प्रसूतिपूर्व पाहणी होत आली. त्या गर्भारपणातील पहिल्या तपासणीस आलेल्या स्त्रीचे रक्त घेताना वरील माहितीही टिपून घेत. नमुन्यावर नाव नसे, फक्त सांकेतिक क्रमांक. १९९० मध्ये संसर्गाचे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते. ते २००० मध्ये २४.५ आणि २००५ मध्ये ३०.२ टक्क्यांवर गेले व पुढे दशकभर तिथेच घुटमळले. २००६ पासून नमुना सुमारे १६,००० वरून ३३,००० स्त्रियांपर्यंत वाढवल्याने जिल्हावार अंदाज शक्य झाले. प्रांतांतील दरी मोठी आहे: २०१० मध्ये क्वाझुलू-नाताल ३९.५ टक्के, तर वेस्टर्न केप १८.५ टक्के.

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत लॉजिस्टिक रिग्रेशन. तिचे उत्तर ‘ऑड्स’च्या गुणोत्तरात येते आणि वाचणारा हमखास इथेच फसतो. समजा, एका गटात संसर्ग २० टक्के आहे, म्हणजे ऑड्स (बाधित आणि अबाधित यांचे गुणोत्तर) १:४. दुसऱ्या गटाचे ऑड्स दुप्पट, म्हणजे १:२ निघाले, तर तेथील संसर्ग ४० नव्हे, ३३ टक्के असतो. वयाचा परिणामही सरळ रेषेत धावत नाही. किशोरवयापासून आलेख चढतो, तिशीच्या पहिल्या निम्म्यात शिखर गाठतो आणि मग उतरतो. त्यामुळे वयाचा वर्गही समीकरणात घ्यावा लागतो, किंवा वयोगट पाडावे लागतात. वंश हा घटक तर जपूनच वापरावा. खासगी डॉक्टरकडे जाणारा वर्ग पाहणीत जवळजवळ येतच नाही. त्यामुळे वंशाच्या नावाखाली गरिबी आणि वस्तीच मोजली जाण्याचा धोका असतो.

अलीकडे न्यूरल नेटवर्कचीही हौस वाढली आहे. अशा मॉडेलची अचूकता ७० टक्के आहे असे कोणी सांगितले, तर आधी पाहणीचा आकडा आठवावा: संसर्ग ३० टक्के असताना सरसकट सगळ्यांना ‘निगेटिव्ह’ म्हणणाराही ७० टक्के बरोबर ठरतो! खरे बाधित किती पकडले, हे वेगळे विचारावे लागते. शिवाय एकेका स्त्रीचे भाकीत करून फारसे हाती लागत नाही. २००२ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणारे नेविरॅपिन सरकारी रुग्णालयांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. पुढे गर्भवतींची चाचणी हा नित्याचा भाग झाला. रक्ताची चाचणी हाताशी असताना शिक्षणावरून संसर्ग ताडण्यात अर्थ नाही. मॉडेलचा खरा उपयोग औषधे, चाचणीसंच आणि मनुष्यबळ कुठे लागेल हे ठरवण्यात आहे.

गर्भवतींचा आकडा म्हणजे देशाचा आकडा नव्हे. २००५ च्या घरोघरच्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांत मिळून प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दवाखान्यांतील आकड्याच्या जवळपास निम्मे निघाले. गर्भवती लैंगिकदृष्ट्या सक्रिय असतात, पुरुष दवाखान्यांतील पाहणीत नसतात. उलट दिशेने, एचआयव्हीमुळे प्रजननक्षमता घटत असल्याने काही बाधित स्त्रिया दवाखान्यापर्यंत येतच नाहीत. औषधांमुळे बाधितांचे आयुष्य वाढले की नवे संसर्ग कमी होऊनही एकूण प्रमाण चढे राहते. म्हणून नव्या संसर्गाचा माग काढताना १५ ते २४ वयोगटाकडे अधिक पाहतात. केप टाउन विद्यापीठात विकसित झालेले ‘थेम्बिसा’ मॉडेल दवाखान्यांतील व घरोघरच्या पाहण्यांची सांगड घालते.

भारतातही महाराष्ट्रासह अनेक राज्यांत प्रसूतिपूर्व केंद्रांवर अशीच निगराणी चालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीतील (२००५-०६) रक्तचाचण्या हाती आल्यावर, २००७ मध्ये देशातील बाधितांचा अंदाज सुमारे ५७ लाखांवरून २५ लाखांवर आणावा लागला.