मिठाच्या पाण्याने लावलेला कस

हिणकस रुपे शिशाबरोबर अस्थिभस्माच्या मुशीत घालून भट्टीत तापवावे, शिसे व तांबे यांची भस्मे मुशीत जिरू द्यावीत आणि उरलेला शुभ्र मणी तोलून त्याचे वजन दफ्तरी नोंदवावे, हा युरोपातील टांकसाळींचा शतकानुशतकांचा रिवाज होता. परंतु त्या दाहात थोडे रुपेही मुशीत जिरे व थोडे वाफ होऊन जाई. त्यामुळे कस खऱ्याहून किंचित कमी उतरे, आणि हजारी ९०० कसाच्या म्हणून पाडलेल्या नाण्यांतून फ्रान्सच्या खजिन्याचे रुपे कायद्याने ठरविल्याहून अधिक बाहेर पडे.

ही तफावत पॅरिसच्या टांकसाळीचा मुख्य पारखी गे-ल्युसाक याने मिटविली. १८३२ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या रीतीत नाण्याचा तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात मिठाचे पाणी सोडीत. तत्क्षणी रुपे सिल्व्हर क्लोराइड होऊन फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखे तळाशी बसे, तांबे मात्र निळसर द्रावणातच राही. १ ग्रॅम रुप्यास ०.५४२ ग्रॅम मीठ लागते; तेवढे मीठ १०० घन सेंटिमीटर पाण्यात असावे, अशी त्याची तजवीज होती. अखेरच्या मिलिग्रॅमांसाठी त्याच द्रावणाचा दहापट विरळ अंश थोडाथोडा घालीत, दर वेळी बाटली हलवून पाणी निवळू देत, आणि नवा गढूळपणा उठेनासा झाला म्हणजे हिशेब पुरा होई.

रासायनिक समीकरण हाही मुळात असाच जमाखर्च आहे. राजाच्या करवसुलीच्या मक्त्यात भागीदार असलेल्या लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात, प्रक्रियेपूर्वीचे द्रव्य व नंतरचे द्रव्य वजनाने समान धरून, किण्वनाची मांडणी बीजगणितातील समीकरणासारखी केली. पुढे बर्झेलियसने मूलद्रव्यांना अक्षरे दिली. १८८७ मध्ये अऱ्हेनियसने पाण्यात विरघळलेले क्षार विद्युत्भारित आयनांत विभागलेले असतात असे प्रतिपादिले, तेव्हा गे-ल्युसाकच्या बाटलीचे मर्मही उलगडले: संयोग फक्त रुप्याच्या व क्लोराइडच्या आयनांचा, सोडियम आणि नायट्रेट केवळ तटस्थ.

आपल्या शाळांतील प्रयोगशाळेत परीक्षानळीत हाच पांढरा अवक्षेप पडतो, व विद्यार्थी तो दुहेरी विस्थापनाचे उदाहरण म्हणून वहीत उतरवितो. समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळविण्यापूर्वी त्याने १ ग्रॅम रुप्यास लागणारे मीठ एकदा स्वतः तोलून पाहावे, असे मला मनापासून वाटते. कारण अक्षरांमागील आकडे हे कोणाच्या तरी नाण्याचे खरे मोल होते, ही खातरजमा तराजूच करून देऊ शकतो.