मिस्सा

"आवरा गं लवकर, मिस्सा सुरू होईल!" वसईच्या ख्रिस्ती घरांत रविवारची सकाळ अशी उजाडते. चर्चमधल्या उपासनेसाठीचा हा 'मिस्सा' शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. शब्द मात्र गेला नाही.

त्याचं मूळ लॅटिन, आणि त्यामागच्या धातूचा अर्थ 'पाठवणं'. विधी आटोपल्यावर धर्मगुरू लोकांना ज्या लॅटिन वाक्यानं निरोप देत, त्यात 'मिस्सा' हा शब्द होता. म्हणजे बायबलवाचन, प्रवचन, ख्रिस्तप्रसाद या साऱ्याला नाव मिळालं ते शेवटच्या पाठवणीचं! (मिशन आणि मिसाइल ही याच धातूची भावंडं. एकाच घरात काय काय निपजतं!)

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२-६५) लोकभाषांना वाट करून दिली आणि इथल्या वेदीवर मराठी आली. आता निरोपही मराठीतच मिळतो. पण पाठवणी झाली म्हणून लगेच निघतो कोण? चर्चच्या अंगणात मासळीचे भाव, कुणाचं ठरलेलं लग्न, कुणाचं आजारपण असं सगळं निघतं. घरी कालवण खोळंबलेलं असतं.