सातचा नऊ झाला आणि मंदिर दोनशे वर्षांनी तरुण झालं

मंडळी, टिटवाळ्याहून निघालं आणि कल्याणला गाडी बदलली की अंबरनाथ काही लांब नाही. तिथलं शिवमंदिर पांडवांनी बांधलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण मंदिराचा काळ तिथल्याच शिलालेखात कोरलेला आहे.

१९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख वाचला आणि साल दिलं शके ७८२, म्हणजे इ.स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला. साल निघालं शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीची कारकीर्द. फरक एका आकड्याचा, पण इतिहास दोनशे वर्षांनी सरकला. विशेष म्हणजे भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली काम केलेले. शिष्याने गुरूचं वाचन दुरुस्त केलं. संशोधन असंच पुढे जातं.

दोघांचेही निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आले. पूर्वी ते पाहायला फोर्टातल्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढाव्या लागत. आज जुने अंक स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. फार मोठी सोय झाली. पण ज्याच्या हाती फक्त पहिला निबंध लागेल, तो ८६० हेच साल व्हॉट्सॲपवर फिरवणार!

म्हणून जुनं संशोधन ऑनलाइन टाकताना नुसतं स्कॅन पुरत नाही. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेल्या अर्काइव्हमध्ये (भौतिकशास्त्र, गणिताचे निबंध तिथे असतात) निबंधाला जो क्रमांक मिळतो, त्यात तो अपलोड केल्याचं वर्ष-महिना असतो. १९७५चा निबंध आज टाकला तर क्रमांक आजचाच दिसणार. पण तिथे एक चांगली पद्धतही आहे : दुरुस्त आवृत्ती टाकली तरी आधीची पुसली जात नाही. भाऊ दाजी आणि भगवानलाल शेजारी शेजारी!

आपल्या कल्याण-डोंबिवली-टिटवाळा पट्ट्यात निवृत्त प्राध्यापक कमी नाहीत. त्यांचे टंकलिखित प्रबंध कपाटात आहेत आणि घर बदललं की ते रद्दीत जातात. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी शोधगंगा आहे, तिथे विद्यापीठामार्फत जावं लागतं. इतर लेखांसाठी झेनोडोसारखी मोफत जागा आहे. छापून आलेला लेख असेल तर हक्क कोणाकडे आहेत, ते आधी विचारा.

आणि पहिल्याच पानावर तीन ओळी लिहा : मूळ कधी लिहिलं, कुठे छापलं, नंतर काय चुकीचं ठरलं. तिसरी ओळ लिहायला जीवावर येतं, मान्य. पण दुरुस्तीमुळे भाऊ दाजी लहान झाले नाहीत, आपण कशाला होऊ?

घरात असा प्रबंध असेल तर या रविवारी कपाट उघडा.