पुढचा एक्सल, नगरची जीप आणि मिस्त्रीची विद्या

मंडळी, सध्या आपल्याकडे फोर बाय फोरची हौस जोरात आहे. कुणी जुनी जीप काढतंय, कुणी कॅम्पर पिकअपला मोठे टायर चढवतंय. हौसेला हरकत नाही. पण यातल्या कुणालाही एक प्रश्न विचारून बघा, "पुढच्या डिफरन्शियलचं ऑईल शेवटचं कधी बदललं?" दहातले आठ जण गप्प बसतील. मागचा एक्सल रोज काम करतो म्हणून तो लक्षात राहतो. पुढचा वर्षातून चार-सहा दिवस लागतो आणि नेमका त्याच दिवशी दगा देतो. या पुढच्या एक्सलचा इतिहास आपल्या जिल्ह्याशी फार जवळून जोडलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी तो चालतो कसा ते बघू. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिथून एक प्रॉपेलर शाफ्ट मागे जातो, एक पुढे. पुढचा शाफ्ट क्राऊन-पिनियन फिरवतो आणि तिथून दोन्ही बाजूंच्या एक्सल शाफ्टमधून जोर चाकांपर्यंत जातो. खरी गंमत इथं आहे. पुढच्या चाकाला फिरायचंही असतं आणि वळायचंही असतं. म्हणजे शाफ्टला वाकडं होऊन फिरता आलं पाहिजे. हा वळता जोड बनवायला जगाला बराच वेळ लागला. फ्रान्समध्ये ट्रॅक्टा जॉइंट आणि अमेरिकेत झेप्पा जॉइंट, दोन्ही १९२० च्या दशकातले. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. त्यांत हे दोन्ही जॉइंट वापरले, शिवाय बेंडिक्स आणि स्पायसरचेही. जो मिळेल तो घातला. युद्धाची घाई होती.

१९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच वर्षी नगरला काय घडलं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. लष्करी वाहनांची तपासणी करणारी एक संस्था १९२९ पासून रावळपिंडीजवळ चकलाला इथं होती. फाळणी झाली आणि ती संस्था नगरला आली. तिच्यातूनच पुढं आपली व्हीआरडीई उभी राहिली. रणगाड्यांचं संशोधन १९७६ मध्ये चेन्नईजवळ आवडीला गेलं, पण चाकांच्या गाड्यांचं काम इथंच राहिलं. १९४८ पासून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथंच आहे. मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं सेंटरही इथंच. म्हणजे देशातली लष्करी गाडी चिखलात, दगडात, पाण्यात टिकते का, हे ज्या मोजक्या गावांत ठरतं त्यातलं एक आपलं नगर. आता कागदावर अहिल्यानगर झालं, पण गॅरेजमध्ये अजून नगरच म्हणतात.

आता कुंपणाच्या बाहेर या. १९५० च्या सुमारास प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग जिल्हाभर कारखाने झाले. जीप ही चेअरमनची, बीडीओची, इरिगेशनच्या साहेबाची गाडी झाली. आरोग्य केंद्रांना युनिसेफच्या मदतीतून गाड्या मिळाल्या. १९७२ च्या दुष्काळात कामांवर साहेब आला तो जीपनंच. गावात जीप आली की सरकार आलं, असं समीकरण होतं. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात जायचं, किंवा नेवासा-शेवगावच्या काळ्या मातीतून निघायचं, तर पुढची चाकं ओढायला लागत. ती चैन नव्हती, गरज होती.

मग १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. जीपचं पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायची लाट आली. आपल्या मिस्त्र्यांनी माउंटिंग स्वतः बनवली, बेलहाउसिंगच्या प्लेटा लेथवर कातून घेतल्या. पण त्याच वेळी बऱ्याच गाड्यांचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून गोठ्यात टाकला गेला. कारण सरळ होतं. डांबरी रस्ता झाला, डिझेल वाचवायचं, पुढचा शाफ्ट कशाला फिरवायचा? अमेरिकेत याच अडचणीवर १९४८ च्या सुमारास वॉर्न कंपनीनं लॉकिंग हब काढला होता. चाकापाशी मुठीएवढी चकती फिरवली की पुढचा एक्सल सुटा होतो, लागला की परत जोडायचा. आपल्याकडे तो स्वस्तात मिळत नव्हता. मग शाफ्टच काढला.

आपल्या मिस्त्र्यांना पुढचा एक्सल शिकवला तो लष्कराच्या डिस्पोजलनं. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून निसान पेट्रोलच्या आराखड्यावर जोंगा बनत होती, ती १९९९ पर्यंत बनली. लष्करातून बाद झालेल्या जोंगा, जीपा, नंतर जिप्सी लिलावात निघत. त्या उघडताना पोरं शिकली. पुस्तक नव्हतं, वस्ताद होता.

त्या विद्येचे दोन-तीन नमुने सांगतो, म्हणजे ती काय चीज आहे ते कळेल. क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर नीट बसलेत का, हे कसं बघायचं? तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावायचा, चाक फिरवायचं, आणि ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते पाहायचं. ठसा टोकाला आला तर शिम बदलायची. किंगपिनचं बेअरिंग किती घट्ट हवं? चाक काढून नकलला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवायचा आणि ओढून वजन वाचायचं. नदीनाला ओलांडून आलात? दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा नट ढिला करून थोडं ऑईल काढायचं. ते चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, त्याच दिवशी बदला. नाहीतर महिन्याभरात बेअरिंग ओरडतं आणि खर्च दहापट होतो.

सगळ्यात मोठी चूक भंगारातला एक्सल आणून पुढं बसवण्यात होते. युद्धातल्या जीपच्या क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८, म्हणजे गुणोत्तर ४.८८. नंतरच्या सीजे थ्री-बीला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. पुढं ४.८८ आणि मागं ५.३८ बसलं तर पुढची चाकं दर फेरीला साधारण दहा टक्के जास्त पळायला बघतात. चिखलात ते खपतं, चाक घसरून घेतं. कडक रस्त्यावर मात्र एक्सल, क्रॉस किंवा ट्रान्सफर केस यांपैकी काहीतरी तुटणारच. म्हणून जाणता मिस्त्री आधी दात मोजतो आणि मग भाव करतो. गुणोत्तर बरोबर असलं तरी कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळणं घेऊ नयेत, कारण या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये फरक सोसणारी सोय नसते.

"अपग्रेड"चंही तसंच. लोक आधी उंची वाढवतात आणि मोठे टायर घालतात. उंची वाढली की पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर खातो. टायर मोठा झाला की जुन्या जॉइंटवर जोर वाढतो. खरा क्रम उलटा आहे: आधी सील आणि बेअरिंग, मग क्रॉस, मग हब, आणि सगळं ठणठणीत झाल्यावर गरज असली तरच डिफरन्शियल लॉक.

आता मुद्द्याचं. या विद्येवर दोन बाजूंनी गदा आली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येणार नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. बनावट बंपर आणि कर्कश सायलेन्सरची बाजू मी घेणार नाही. पण झिजलेला जॉइंट काढून चांगला घालणं ही दुरुस्ती की बदल? गॅरेजवाल्याला हे कुणी लिहून देत नाही. तो घाबरतो आणि गिऱ्हाईकाला परत पाठवतो. दुसरं म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या अधिकृत स्क्रॅप केंद्रात जातात. धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून जावी, मान्य. पण ज्या लिलावांतून नवी पोरं उघडून-जोडून शिकायची, ती शाळाही त्याबरोबर बंद होत आलीय.

आणि हे कुठं होतंय? ज्या गावात लष्करी गाड्या तपासल्या जातात तिथं. ज्या गावच्या फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो काढली तिथं. तीच कंपनी आज फोर्स मोटर्स आहे आणि तिच्या गुरखा गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलला लॉक येतो. कुंपणाच्या आत एवढं ज्ञान, बाहेर एवढा हात, आणि मध्ये दरवाजा नाही.

म्हणून मागण्या तीनच आहेत, आणि त्यांना फार पैसा लागत नाही. एक, आरटीओनं दुरुस्ती कशाला म्हणायचं आणि बदल कशाला, याची मराठीत यादी लावावी. दोन, स्क्रॅपला निघालेल्या दोन-चार फोर बाय फोर गाड्या चेसिस नंबर रद्द करून जिल्ह्यातल्या आयटीआयला शिकवण्यापुरत्या द्याव्यात. तीन, पांढऱ्या केसांचे जे मिस्त्री अजून हात चालवतात, त्यांना तिथं मानधनावर वस्ताद म्हणून बोलवावं. डिग्री मागू नका, शेंदराचा ठसा वाचता येतो का एवढं बघा.

घाटघरला पावसाळ्यात बाळंतीण अडकते तेव्हा पुढची चाकं ओढतात की नाही, हा हौसेचा प्रश्न राहत नाही. ती ओढावीत म्हणून कोणीतरी उन्हाळ्यात पाना हातात घेतलेला असावा लागतो. तो माणूस आपल्याकडे आज आहे. दहा वर्षांनी असेल का, हे आपल्या आमदारांना, पालकमंत्र्यांना विचारा. पोस्ट पटली तर गॅरेजवाल्या मित्राला पाठवा, आणि त्याच्याकडं काही माहिती असेल तर खाली लिहायला सांगा.