कठड्यातली फट

‘कॉट’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर वसतिगृहातला किंवा इस्पितळातला लोखंडी पलंग उभा राहतो. इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द तान्ह्या बाळाच्या कठड्याच्या पलंगासाठी वापरतात. गंमत अशी की शब्द इथूनच तिकडे गेलेला आहे. संस्कृत ‘खट्वा’, हिंदी ‘खाट’, आणि सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांच्या तोंडी ‘कॉट’. पुढे त्यांच्या आरमाराने जहाजावरच्या टांगत्या कॅनव्हासी बिछान्याला हे नाव दिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते बाळाच्या पलंगाला चिकटले. आपल्याकडे शब्द परतला तो मोठ्यांच्या पलंगाचा अर्थ घेऊन. बाळाच्या पलंगाचा अर्थ आता कुठे, दुकानांतल्या ‘बेबी कॉट’च्या पाट्यांवरून, मराठीत शिरतो आहे.

हा पलंग निवडताना काय पाहावे, याची एक ठरावीक यादी आज नव्या आईबापांच्या हाती दिली जाते. गजांमधली फट साठ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. गादी कडक आणि चौकटीत घट्ट बसणारी असावी. एक बाजू खाली सरकवता येणारा जुना पलंग घेऊ नये. आत उशी, दुलई, मऊ खेळणी काही नको. यादी रूक्ष आहे. पण तिच्यातली कलमे कुठून आली हे शोधत गेल्यावर मला ती एखाद्या शोकग्रंथाच्या अनुक्रमणिकेसारखी वाटू लागली.

बाळाला वेगळे निजवावे, ही कल्पनाच मुळी भीतीतून आली. झोपेत आईच्या अंगाखाली मूल दडपून दगावणे हे भय फार जुने. बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या न्यायाच्या कथेत दोन बायकांचे भांडण सुरू होते तेच मुळी असे एक मूल रात्रीत गेल्यामुळे. फ्लॉरेन्समध्ये यावर एक उपाय निघाला होता. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७३०च्या दशकाच्या आरंभी त्याचे वर्णन छापून आले. नाव ‘आर्कुच्चो’. सुमारे तीन फूट लांबीचा, लाकूड आणि लोखंडी कमान यांचा हा सांगाडा बाळाभोवती ठेवायचा, म्हणजे दाई कुशीवर वळली तरी तिचे ओझे बाळावर पडत नसे. दूध पाजता यावे म्हणून लाकडाला छातीच्या जागी खोबण ठेवलेली होती. हा सांगाडा न वापरणाऱ्या दाईला धर्मबहिष्काराची धमकी असे, असेही त्या वृत्तान्तात म्हटले आहे. बाळ आईजवळही असावे आणि सुरक्षितही असावे, या दोन्ही गरजा एकाच वेळी मानणारी ही वस्तू मला पुढच्या दोनशे वर्षांतल्या पुष्कळ वस्तूंपेक्षा शहाणी वाटते.

कारण पुढे विचार वेगळ्याच दिशेला गेला. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचा पोलीस सर्जन चार्ल्स टेम्पलमन याने १८९०च्या दशकाच्या आरंभी गुदमरून दगावलेल्या २५८ अर्भकांवर निबंध लिहिला. त्यातली बरीच मुले शनिवारी रात्री ते रविवारी सकाळच्या दरम्यान गेली होती. टेम्पलमनने कारणे सांगितली ती आयांचे अज्ञान, दारू, दाटीवाटी आणि वेगळ्या पाळण्याचा अभाव अशी. १९०८च्या ब्रिटिश बालक कायद्याने दारूच्या नशेत मुलाशेजारी झोपून त्याचा गुदमरून मृत्यू होऊ देणे हा गुन्हा ठरवला. केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांचे पाळणे करण्याचा सल्ला गरीब आयांना दिला जाऊ लागला तो याच सुमारास. त्या मुलांपैकी किती खरोखर दडपून गेली आणि किती आपण आज ‘सडन इन्फंट डेथ’ म्हणतो त्या कारणाने गेली, हे आता कोणालाच ठरवता येणार नाही. मूल गेलेल्या बाईवर वर आणखी ठपका, असा तो काळ होता.

आपल्याकडे याच काळात बाळ कुठे निजत होते? आईजवळ, बाजेवर. बाळंतिणीची बाज, बाजेखाली शेगडी, कुशीत गुंडाळलेले मूल. बाराव्या दिवशी बारसे, म्हणजे नाव ठेवण्याचा आणि पाळण्यात घालण्याचा एकच सोहळा. नावाबरोबर बाळाला स्वतःचा बिछाना मिळे, पण तो तुळईच्या कडीला, माजघरात, बायकांच्या राबत्यात. रात्री दूध पिण्यासाठी ते पुन्हा आईकडेच येई. ज्यांच्या घरी तुळई आणि कडी नव्हती त्यांची जुन्या लुगड्याची झोळी झाडाला किंवा आढ्याला. मुलाला स्वतंत्र खोली ही कल्पना या घरांत बसणेच शक्य नव्हते. पाळणा मराठीत इतका रुजला की कुटुंबनियोजनवाल्यांनाही ‘पाळणा लांबवा’ असेच सांगावे लागले.

मात्र पाळण्याचे कौतुक करताना आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. त्याचा कठडा बुटका असतो. मूल कुशीवर वळू लागले, धरून उठू लागले, की पाळणा धोक्याचा होतो. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या बायका त्या सुमारास त्याला खाली जमिनीवर निजवू लागत. झोळीत मुलाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते. साडीच्या झोळीत गळ्याला फास बसल्याच्या नोंदी न्यायवैद्यक नियतकालिकांत आहेत, आणि त्यांत झोके घेणारी मोठी मुलेही आहेत. परंपरेत शहाणपण असते, तशी तिची हद्दही असते.

पश्चिमेत हलता पाळणा हद्दपार केला तो डॉक्टरांनी. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांचे आयांसाठीचे प्रश्नोत्तरांचे पुस्तक १८९४ साली निघाले आणि पुढे कित्येक वर्षे घराघरांत होते. त्यांच्या मते पाळणा न हलणारा असावा, म्हणजे झोके देण्याच्या वाईट सवयीला वावच राहणार नाही. आता मूल एकटे, स्वतंत्र खोलीत, रात्रभर राहणार. मग ते पडू नये म्हणून कठडा उंच हवा, हवा खेळावी आणि बाहेरून दिसावे म्हणून कठड्याला गज हवेत. गज आले म्हणजे फट आली.

या फटीचा हिशेब कित्येक दशके कोणी केला नाही. तीन इंचांहून जास्त फट सर्रास असे. सुताराला लाकूड कमी लागे आणि पलंग हलका दिसे. बाळाचे डोके काही तीन-सव्वातीन इंचांतून जात नाही, तेव्हा काळजी नको, असा सरळ तर्क. पण मूल फटीत शिरते ते डोक्याकडून नव्हे. झोपेत वळवळत ते गजांकडे सरकते, पाय बाहेर जातात, मागून कंबर जाते, धड जाते आणि डोके अडकते. पाय जमिनीला पोचत नाहीत. म्हणजे मोजायची होती ती लहानशा बाळाच्या कुल्ल्यांची जाडी. लोक मोजत होते डोके. अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने १९७३ साली पलंगांसाठी नियम जाहीर केले, ते फेब्रुवारी १९७४पासून लागू झाले. त्यात फट ठरली जास्तीत जास्त दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे साठ मिलिमीटर. नुसते अंतर सांगून ते थांबले नाहीत. गज वाकून फट वाढू शकते, म्हणून नऊ किलोचा जोर लावल्यावरही ती अडीच इंचांपुढे जाता कामा नये, अशी अट घातली. आतली लांबी-रुंदीही बांधून दिली, साधारण १३३ बाय ७१ सेंटिमीटर, कारण चौकट आणि गादी यांच्या मापात फरक पडला की कडेला दुसरी फट तयार होते आणि तिच्यात बाळाचे तोंड दडपते. कमीत कमी शब्दांत इतकी माया असलेला सरकारी मजकूर माझ्या वाचनात क्वचितच आला आहे.

याच फटीचे एक अपत्य म्हणजे बंपर, कठड्याला आतून बांधायची मऊ कड. रुंद फटीच्या काळात तिला काही अर्थ होता. फट अरुंद झाली तरी बंपर गेला नाही. तो शोभेचा झाला, पडद्यांना जुळणारा झाला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासाने १९८५ ते २००५ या काळात बंपरमुळे झालेले २७ बालमृत्यू मोजले. अमेरिकेत त्याच्यावर देशभर बंदी यायला २०२२ उजाडले.

कठडा उंच झाल्याने दुसरी अडचण आली ती आईची. झोपलेले मूल हात न हलवता खोल पलंगात ठेवून पाहा; बाळंतपणानंतरची कंबर काय म्हणते ते कळेल. बुटक्या बाईला तर टाचा उंचावूनही तळ गाठता येत नाही. त्यावर तोडगा म्हणजे खाली सरकणारी बाजू. ही सोय कोणाच्या चैनीसाठी नव्हती. लाकूड जाड आणि खिळे-पट्ट्या लोखंडी होत्या तोवर ती बरी चाललीही. पुढे पलंग खोक्यातून सुटे येऊ लागले, घरी बसून जोडायचे झाले, लोखंडाची जागा प्लास्टिकच्या खिट्ट्यांनी घेतली. खिट्टी तुटली किंवा बाजू उलटी बसली, की एक कोपरा सुटतो आणि गादीच्या कडेला पाचर तयार होते. अशा सुटलेल्या बाजूंमुळे २०००पासून किमान ३२ अर्भके गेली, अशी त्या कमिशनची मोजणी आहे. डिसेंबर २०१०मध्ये बंदीचा निर्णय झाला आणि जून २०११पासून असे पलंग विकणे बंद झाले. बंदी योग्यच होती. पण त्या बुटक्या बाईचे काय, याचे उत्तर कायद्याने दिले नाही. पायाखाली भक्कम चौरंग, किंवा सुरुवातीच्या महिन्यांत गादी वरच्या खाचेत ठेवणे, हे ज्याचे त्याने शोधून काढले.

नियम झाला तरी वस्तू घराघरांत उरते, हे त्याहून कठीण. शिकागोत १९९८ साली दीड वर्षाचे एक मूल घडीच्या पलंगात गेले. वरची दांडी मोडून इंग्रजी ‘व्ही’सारखी झाली आणि मान तिच्यात सापडली. तो पलंग पाच वर्षांपूर्वीच बाजारातून परत मागवलेला होता. मूल पाळणाघरात होते. ते पाळणाघर परवानाधारक होते आणि काही दिवसांपूर्वीच त्याची सरकारी तपासणीही झाली होती. आईवडिलांनी त्यानंतर संस्था काढली, दहा वर्षे पाठपुरावा केला. २००८च्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने एक भाग आहे. त्यानुसार अशा वस्तूसोबत ग्राहकाच्या नोंदणीचे कार्ड देणे उत्पादकावर बंधनकारक झाले, म्हणजे दोष सापडला तर पत्र नेमके त्या घरी जाईल. भावाचा पलंग बहिणीच्या मुलाला, मग शेजारच्याला, हा आपल्याकडचा रिवाज प्रेमाचा खरा. पण हातोहात जाणाऱ्या पलंगामागे ते पत्र जात नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र पलंगाच्या बांधणीत नव्हती, त्यात बाळ ठेवण्याच्या पद्धतीत होती. १९४४ साली न्यूयॉर्कचे हॅरॉल्ड अब्रॅम्सन यांनी नोंदवले होते की गुदमरून गेलेली बहुतेक बाळे पालथी आढळली. ते मागे पडले. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या पुस्तकाने १९५०च्या दशकात पालथे निजवण्याचा सल्ला दिला. उताणे बाळ ओकले तर गुळणी घशात जाईल, आणि डोके चपटे होईल, ही कारणे. ऐकायला पटणारी होती. २००५ साली रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी सगळे जुने अभ्यास पुन्हा तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की पालथे निजवण्यातला धोका १९७०पर्यंतच्या पुराव्यातच दिसत होता. तो तेव्हाच वाचला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांवर, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार मुले वाचली असती.

पुरावा समोर येण्यात आशियाचा वाटा आहे. १९८५ साली हाँगकाँगहून डी. पी. डेव्हिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये विचारले, इथे हे मृत्यू इतके दुर्मीळ का? तिथली बाळे उताणी निजत होती. इंग्लंड-वेल्समध्ये भारतीय उपखंडात जन्मलेल्या आयांच्या मुलांतही हे प्रमाण कमी असल्याचे १९८९च्या अभ्यासात दिसले. त्यामागे निजवण्याची पद्धत, आयांमध्ये धूम्रपान नसणे, रात्री मूल जवळ असणे अशी अनेक कारणे असू शकतात. आपल्या आज्या बाळाला उताणे निजवत. मोहरीच्या उशीवर डोके गोल व्हावे म्हणून का होईना! उशी नको होती, उताणे बरोबर होते. ब्रिटनमध्ये १९९१च्या अखेरीस उताणे निजवण्याची मोहीम झाली आणि काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. तिच्यासोबत आणखी एक साधी सूचना रुजली. बाळाचे पाय कॉटच्या पायथ्याला टेकवून निजवा, म्हणजे ते खाली सरकून पांघरुणात शिरणार नाही. तिला ना खिट्टी लागत होती ना पैसा.

आज अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बाळाचा बिछाना वेगळा, पण निदान पहिले सहा महिने आईबापांच्याच खोलीत ठेवायला सांगतात. म्हणजे होल्टसाहेबांच्या काळातली स्वतंत्र खोली गेली आणि माजघर परत आले. एकाच बिछान्यात निजावे की नाही यावर अजून वाद आहे. नोत्र दाम विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना यांनी आई-बाळाच्या एकत्र झोपेचा प्रयोगशाळेत अभ्यास केला आणि दूध पाजणारी, दारू-सिगारेट न घेणारी आई हा धोका नव्हे, असे सांगितले. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते मानलेले नाही. मला दोन्ही बाजूंत फ्लॉरेन्सचा सांगाडा आठवतो. मोठ्यांच्या पलंगाला लागून, एका बाजूने खुली अशी बाळाची खाट हल्ली मिळते. ती पलंगाला घट्ट बांधलेली असेल आणि मध्ये फट नसेल, तर ती बरीचशी त्याच जातीची.

पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये स्लॅबला कडी नाही, म्हणून पाळणाही आता स्टँडवर आला आहे. दुकानात माप विचारले तर ‘सगळे असंच असतं’ असे उत्तर मिळते. मी विचारणाऱ्यांना सांगतो, टेप न्या. गजांमधली फट मोजा, गज हाताने ताणून पुन्हा मोजा, गादी आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटे जातात का पाहा, आणि बाजू उघडणारी असेल तर दुसरा पलंग दाखवा म्हणा. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ओळखीच्या घरी नातवासाठी कॉट आहे, तशीच कोरी : कडक गादी, ताणून बसवलेली एक चादर, बास. आजीने सांगलीहून शिवून नेलेली गोधडी पहिला वाढदिवस होईपर्यंत कपाटात राहणार आहे. आजीला ते अजून पटलेले नाही.