प्रकाशाला प्रकाश भेटतो तेव्हा

शिक्षकीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात अंधार करून दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांवर आडवे टाकून दाखवीत असे. एकदा एका मुलीने विचारले, ‘‘सर, हे झोत एकमेकांवर आपटत नाहीत का?’’ मी ठामपणे म्हणालो, ‘‘कधीच नाही. प्रकाशाला प्रकाशाची दखल नसते.’’ आज त्या उत्तराची दुरुस्ती करायची आहे.

रोजच्या उजेडापुरते माझे म्हणणे खरे होते. एका प्रकाशाने दुसऱ्यावर परिणाम करायचा तर मध्ये पदार्थ हवा आणि तो पदार्थ हलवून सोडील इतका प्रखर प्रकाश हवा. असा प्रकाश १९६० साली थिओडोर मेमन यांच्या लेसरने दिला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरचा तांबडा प्रकाश क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून पाठवला. ६९४ नॅनोमीटर लहरलांबीच्या त्या प्रकाशातून निम्म्या लहरलांबीचा, अतिनील प्रकाश बाहेर पडला. पुरावा काय, तर फोटोवरचा एक पुसट ठिपका! गंमत अशी की, शोधनिबंध छापताना तो डाग समजून काढला गेला. बाण तेवढा रिकाम्या जागेकडे बोट दाखवीत राहिला. अरेषीय प्रकाशशास्त्राचा जन्म हा असा झाला.

पण मंद प्रकाशाचे काय? अणूला त्याच्या आवडीच्या रंगाचा प्रकाश दिला तर तो जोरदार प्रतिसाद देतो, पण तो प्रकाश गिळूनही टाकतो. ही अडचण स्टॅनफर्ड विद्यापीठाचे स्टीफन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास सोडवली. अणूवर दुसरा एक लेसर असा टाकायचा की, प्रकाश गिळण्याच्या त्याच्या दोन वाटा एकमेकींना रद्द करतील. मग अपारदर्शक वायू तेवढ्या रंगापुरता पारदर्शक होतो आणि प्रकाशाचा स्पंद त्यातून रेंगाळत जातो.

१९९९ साली अमेरिकेतील केंब्रिजमध्ये लेने हाउ यांनी हेच अतिशीत सोडियमच्या अणूंवर करून दाखवले. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा जेमतेम दोन कोटीवा भाग, एवढे ते तापमान. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४च्या निबंधातून पुढे आइनस्टाइन यांनी भाकीत केलेली, अणूंनी एकजीव होण्याची हीच अवस्था. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेथे सेकंदाला १७ मीटरवर आला, म्हणजे आपल्या एस.टी.च्या चालीवर. प्रकाश रेंगाळला की अणूंच्या सहवासात जास्त वेळ राहतो आणि थोडक्या प्रकाशाचाही मोठा परिणाम होतो.

शेवटचा टप्पा २०१२ सालचा. हार्वर्ड आणि एमआयटीमधील मिखाइल ल्युकिन, व्लादान वुलेटिच यांच्या गटाने थंड रुबिडियममधले अणू फुगलेल्या, ‘रिडबर्ग’ अवस्थेत नेले. असा एक अणू फुगला की शेजारचे अणू तसे फुगू शकत नाहीत. त्यामुळे एक फोटॉन सुखरूप पार होतो, पण त्याला खेटून दुसरा आला की त्याची वाट बंद! एका कणाने दुसऱ्या कणाला अडवले.

आज आपले फोन आणि संदेश प्रकाशावरून धावतात, पण त्यांना वळण लावायला बहुतेक ठिकाणी विजेचीच मदत घ्यावी लागते. एक फोटॉन दुसऱ्याला वळवू लागला तर क्वांटम संगणकाला फार मोठा आधार मिळेल. ते काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

ती मुलगी आता कुठे असेल, ठाऊक नाही. भेटली तर सांगेन, ‘‘बाळ, तुझी शंका रास्त होती. झोत आपटतात, मध्ये थंड अणू मात्र हवेत.’’